आत्याने कापलेला ‘करा’

माझी नणंद छापखान्यात मुद्रितशोधक होती. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची पानं तिच्या टेबलावर यायची आणि ती त्यातल्या चुका काढायची. चुका संपल्या तरी तिचा हात थांबत नसे. जो शब्द नसला तरी चालेल, तो ती कापायची. छापखान्यातले लोक तिला ‘कात्री’ म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला ते मनापासून आवडायचं. मी तिला ताई म्हणते. माझी मुलगी आत्या म्हणते.

निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, ‘कृपया दरवाजा लावावा ही विनंती.’ ताई लिफ्टमध्ये शिरली की दर वेळी पुटपुटते, “कृपया तरी ठेवा, नाहीतर विनंती तरी.” एकदा मी तिला मेसेज केला, ‘परत पुन्हा सांगते, रविवारी जेवायला ये.’ उत्तर आलं, ‘परत किंवा पुन्हा. येते.’

ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. सगळं आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे तिला घरात आवाज सहन होत नाही. भिंतीवरचं घड्याळसुद्धा टिकटिक करतं म्हणून तिने काढून टाकलं. कॉम्प्युटर आहे, पण त्याला स्पीकर नाहीत. “मला वाचायचं असतं, ऐकायचं नसतं,” असं तिचं म्हणणं.

हा कॉम्प्युटर तिने निवृत्तीनंतर शिकून घेतला. “घरी बसून काय माशा मारू?” असं म्हणून ती मंडळींच्या एका गटात गेली. ही मंडळी एक मुक्त-स्रोत ऑपरेटिंग सिस्टीम मराठीत आणतात. ही सिस्टीम फुकट मिळते, कोणीही उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द कोणीतरी बसून मराठी केलेला असतो. काम असं की डाव्या बाजूला मूळ शब्दांची रांग आणि उजवीकडे मराठीसाठी मोकळी जागा. एक जण शब्द लिहितो, दुसरा तपासतो. तो शब्द पडद्यावर नेमका कुठे बसणार आहे, बटणावर, खिडकीच्या माथ्यावर की एखाद्या सूचनेत, हे मात्र रांगेत दिसत नाही. तपासायचं काम अर्थातच ताईकडे आलं. तिला त्यात इतका रस आला की आमचा रखडत चालणारा जुना कॉम्प्युटरही तिने येऊन पुसून काढला आणि त्यावर हीच सिस्टीम चढवली. तेव्हापासून आमच्याकडे सगळे मेनू मराठीत आहेत. नवऱ्याचं टायपिंग आणि माझे मेल यापलीकडे त्यावर फारसं काही चालत नाही. गाणीबिणी आम्ही फोनवर ऐकतो.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. तिचं आधीचं ऑफिस बंद पडलं आणि ती घरी बसली. सुरुवातीला रोज अर्ज करायची, मग आठवड्याने, मग मी विचारलं तरच. या सगळ्यात तिचं बोलणंही कमी कमी होत गेलं. हाक मारली तर ‘हं’, जेवण झालं तर ‘हो’. दाराशी कोणी आलं तर ती खोलीत जायची. माझा जीव टांगणीला लागला होता, पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की ‘हं’सुद्धा मिळायचं नाही.

अशात तिने मला न सांगता एका रुग्णालयाच्या दुभाषी सेवेत अर्ज केला. रुग्ण मराठी बोलतो, डॉक्टरांना मराठी येत नाही, मग फोनवर तिसरा माणूस बसून इकडचं तिकडे करतो. काम घरूनच. कॉम्प्युटर आपला, हेडफोन आपले, पण यूएसबीचे आणि माइकवाले हवेत असं त्यांनी लिहिलं होतं. चाचणीचा एकच कॉल. त्या वेळी लाइनवर उमेदवाराचा आवाज आला नाही तर नाव बाद, पुढची भरती पुढच्या वर्षी. दिवसभर ‘हं’वर काढणारी मुलगी दुसऱ्यांच्या वतीने बोलायला निघाली होती. कळलं तेव्हा मला आनंदही झाला आणि धडकीही भरली.

हेडफोन आदल्या दिवशी येणार होते, ते आले चाचणीच्या दिवशी सकाळी. कॉल दुपारी होता. तिने खोका फोडला, वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला खुपसली आणि कानावर चढवले. काही नाही.

“वाजतोय का?” मी दारातून विचारलं.

“आई, आत्ता तर लावलाय.”

“नाही, वाजत असेल तर वाजतोय म्हण.”

तिने वायर काढून पुन्हा खुपसली, म्हणजे वाजत नव्हता.

ध्वनीच्या सेटिंगमध्ये यादी असते, कॉम्प्युटरला जोडलेली आवाजाची साधनं त्यात दिसतात. त्यात हेडफोनचं नावच नव्हतं, नुसता मॉनिटर होता. नवरा टेबलाखाली रांगत गेला आणि त्याने वायर मागच्या बाजूला लावली. पुढची खोबण बहुतेक आतून सैल झाली असावी, कारण मागे लावल्याबरोबर यादीत हेडफोनचं नाव आलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिने ते नाव निवडलं. आवाजाची पट्टी टोकाला नेली, जो खटका बंद दिसला तो चालू केला. ‘चाचणी’ नावाचं बटण दाबलं. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा आवाज यायला हवा होता.

“काय?”

“काही नाही.”

“मी लावून बघू?”

“आई, माझ्या कानाला येत नाही ते तुझ्या कानाला येणार आहे का?”

नवऱ्याने हेडफोन शेजारच्यांच्या लॅपटॉपला लावून आणले. तिथे ठणठणीत वाजत होते. म्हणजे दोष हेडफोनचा नाही. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. त्याला सगळं आठवत होतं, हेडफोन निवडलेलाच होता, पट्टी टोकालाच होती, आणि आवाज नव्हताच. मी शेजारच्यांचा लॅपटॉप मागायचं सुचवलं, पण तो घेऊन ते कामाला निघून गेले होते. मुलगी खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, “जाऊ दे.”

ते ‘जाऊ दे’ माझ्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षभरात ते मी बऱ्याचदा ऐकलं होतं. मी सरळ ताईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आत्या, यात लिहिलंय ‘आवाज बंद’,” मुलगी म्हणाली.

“मग चालू कर.”

“चालूच केलाय. चालू केला तरी ‘आवाज बंद’च लिहिलंय.”

“म्हणजे बंद झाला नाही?”

“बंदच आहे. बंद आहे म्हणून तर चालू केला.”

“काय चालू केलंस?”

“बंद.”

“बंद चालू केलंस?”

“आत्या, बंद होता तो चालू केला, आणि चालू आहे तरी बंद आहे!”

“सुनबाई,” ताई मला म्हणाली, रागावली की ती सासूसारखी मला सुनबाई म्हणते, “हिला आधी पाणी दे. कशाला हात लावू नका. येते मी.”

ती घरातल्या चपला घालूनच आली. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला आणि खुर्ची पुढे सरकवून बसली. पडद्यावर हेडफोनच्या नावाखाली ‘आवाज बंद’ असे दोन शब्द होते आणि त्यांच्यापुढे एक छोटा सरकता खटका. खटका उजवीकडे होता आणि निळा दिसत होता.

“हा निळा कोणी केला?”

“मी,” मुलगी म्हणाली. “आधी राखाडी होता. ‘आवाज बंद’ लिहिलं होतं, म्हटलं आवाज बंद आहे, म्हणून खटका चालू केला.”

ताईने चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि ते दोन शब्द पुन्हा वाचले. मला वाटलं, आता ही मुलीला बोलणार. माझ्या तोंडावर उत्तरं तयार होती, की पोरीचं काही चुकलेलं नाही, मीही असंच वाचलं असतं.

“मराठीत शब्द आधी ‘आवाज बंद करा’ असा होता,” ताई म्हणाली. “लिहिणाऱ्या मुलाने बरोबर लिहिला होता. मी तपासताना ‘करा’ कापला.”

“का?”

“बटणावर ‘करा’ कशाला? बटण दाबायचंच असतं. ‘जतन’, ‘रद्द’, ‘आवाज बंद’. तिथे हा असला खटका असेल हे रांगेत कुठे दिसतं? नुसता शब्द दिसतो. माझ्या कॉम्प्युटरला स्पीकर नाहीत, मी हे पान उघडून कधी बघितलंच नाही.” मग मुलीकडे वळून म्हणाली, “तुला ती बातमी वाटली. तो हुकूम होता. आवाज बंद करा, आणि तू केलास.”

तिने खटका डावीकडे सरकवला. तो राखाडी झाला. ‘चाचणी’ दाबलं. मुलीने कानावरचा हेडफोन झटकन दूर केला, कारण पट्टी अजून टोकालाच होती.

“कानठळ्या बसल्या!”

“वाजतोय?” मी विचारलं.

“आई, वाजतोय!”

मी तिथेच देवाचे आभार मानून मोकळी होणार होते, पण ताई उठली नाही. “बोलायचं पण आहे ना हिला,” असं म्हणून तिने माइकचं पान उघडलं. तिथेही तेच दोन शब्द आणि तोच निळा खटका. सकाळी मुलीने दोन्ही एकाच हिशेबाने चालू केले होते. तो राहिला असता तर तिला सगळं ऐकू आलं असतं आणि तिचं कोणालाच आलं नसतं. ताईने तोही सरकवला. मुलीला म्हणाली, “बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

माइकची हिरवी पट्टी हलली.

“एवढं पुरे,” ताई म्हणाली.

कॉल ठरल्या वेळी आला. मुलीने दार लावून घेतलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी कुकरची शिटी काढून ठेवली होती, नळ बंद केला होता, नवऱ्याला खाली पिटाळलं होतं. सेवेतलीच माणसं रुग्ण आणि डॉक्टर होऊन बोलतात असं मुलीने सांगितलं होतं, पण दाराआडून आम्हाला फक्त तिची बाजू ऐकू येत होती.

“आजी, दुखतं की जळजळतं?” मग थोडा वेळ दुसऱ्या भाषेत. मग पुन्हा मराठी. “नाही नाही, घाबरू नका, ते विचारतायत की पायऱ्या चढताना होतं का?” आवाज स्वच्छ होता, जरा मोठाच. एवढी सलग वाक्यं मी तिच्या तोंडून कधी ऐकली होती ते आठवेना. मी ओट्यावरचं पुसलेलंच पुन्हा पुसत होते.

“बस गं,” ताई कुजबुजली. “ओटा झिजेल.”

ती स्वतः फोनमध्ये डोकं घालून होती. गटावर तिने लिहिलं होतं की ‘आवाज बंद’ या शब्दाला ‘करा’ परत जोडावा. गटातल्या कोणा तरुणाने लगेच उत्तर टाकलं, ‘ताई, तीन शब्द होतात, जागेत मावणार नाहीत. तुम्हीच कापला होता.’ ताईने ते मला दाखवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द कापणाऱ्या बाईला आता एका शब्दासाठी भांडावं लागणार, हे बघून मला हसू येत होतं, पण दाराआड परीक्षा चालू होती म्हणून ओठ दाबून बसले. तिने उत्तर टाकलं, ‘जागा मोठी करा.’

दार उघडलं तेव्हा मुलीच्या कानावर हेडफोनचे लाल वळ उठले होते.

“झालं?”

“झालं.”

“कसं झालं?”

“संध्याकाळी सांगणार आहेत.”

“काही म्हणाले का पण?”

“आई!”

संध्याकाळी निरोप आला तेव्हा ताई अजून आमच्याकडेच होती. जेवून जाते असं म्हणाली होती, पण निघत नव्हती. मुलीने फोनवर वाचलं आणि तसाच तो ताईकडे दिला. ताईने चष्मा खाली ओढून मोठ्याने वाचलं. निवड झाली होती. खाली परीक्षकांचा शेरा होता: आवाज स्पष्ट, रुग्णाचं बोलणं मध्येच थांबवलं नाही, एकही शब्द गाळला नाही.

मी ताईकडे बघितलं. ती तो शेवटचा भाग पुन्हा वाचत होती.

“यात काही कापायचंय का?” मुलीने विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. “राहू दे सगळं.”

सोमवारपासून मुलीचं काम सुरू आहे. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तिला फोनवर त्यांच्या गुडघ्यापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळं ऐकवलं आणि तिने सगळंच्या सगळं डॉक्टरांना सांगितलं. जेवताना ती ते आम्हाला सांगत होती. सांगता सांगता ताटातलं गार झालं. जेव आधी, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी म्हटलं नाही.