आडव्या सायकलीवर

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हृदयाची एक झडप गळते, असे निदान झाले आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी माझे नृसिंहवाडीला नदीचा घाट उतरणे थांबवले. हे डॉक्टर शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकलेले. म्हणाले, "गुरुजी, विश्रांतीत गळती कमी दिसते. श्रम करवून तपासू. श्रमानेही वाढली नाही, तर खुशाल स्नानाला जा." दर पौर्णिमेला नृसिंहवाडीस कृष्णेत स्नान करण्याचा माझा नेम जुना होता. तो राहणार की सुटणार, एवढेच मला त्या तपासणीतून कळायला हवे होते.

एमआरआयच्या फळीवर मला उताणे निजवले. पावलांशी पायडल होते. त्यात लोखंडाचा अंशही नव्हता, कारण आतल्या चुंबकाने तो ओढून घेतला असता. पायडल मारायचे, थांबायचे, श्वास रोखायचा, तेवढ्यात चित्रे निघणार. फळी आत सरकली. तो अरुंद गाभारा आणि नगाऱ्यासारखी अखंड ठकठक. मनात आपोआप दत्तनाम सुरू झाले.

कानांवरच्या हेडफोनमधून तंत्रज्ञ बोलला, "आजोबा, पाय चाललेत, पण ठोकं वाढंनात की. आत काय करताय?"

"जप."

"व्हय? मग जरा थांबवा की. तुमी असं निवांत ऱ्हायलासा, तर फोटू कशाचा काढू?"

मी नाम थांबवले. रिकाम्या मनात उसाच्या तुऱ्यांनी पांढरा झालेला एक रस्ता उलगडला. मी तरुण होतो, सायकलवर होतो. दूर पाणी चमकत होते आणि ते गाठायचे होते. वारा नव्हता, तरी तुरे हलत होते. किती अंतर गेलो, कळले नाही.

"थांबा. श्वास रोखा."

विद्यार्थ्यांना कुंभक शिकवणाऱ्या मला त्या वेळी चार क्षणही श्वास धरवेना.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले. करड्या सावल्यांत काहीतरी उघडत होते, मिटत होते. उपनिषदांत सांगितलेल्या हृदयातल्या आकाशाविषयी मी जन्मभर बोललो. त्याचे दार नीट लागत नाही, हे तेव्हा पाहिले.

"श्रमाने गळती वाढते, गुरुजी. घाट नको," ते हळू आवाजात म्हणाले. मी हात जोडले. त्यांना की त्या पडद्याला, सांगता येत नाही.

त्या श्रावणातल्या पौर्णिमेला कृष्णा चढत चढत देवळात आली. घाट पाण्याखाली गेला. मी वरच भिंतीला धरून उभा राहिलो. पाणी घोट्यांशी आले, तेव्हा तांब्या बुडवून मस्तकावर घेतला. नेम मोडला की राहिला, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.