पडद्याची लांबी

मतदानाच्या आडोशाचा पडदा शिवायचं काम शिंपीणबाईंकडे आईकडून आलं होतं. शिवणयंत्रही तिचंच आणि फटकळ जीभही. आईच्या तरुणपणी बायकांना मतच नव्हतं. मग बरेच अर्ज, मोर्चे आणि काहीजणींची तुरुंगवारी झाल्यावर, जिच्या नावावर घर आहे तिला ते मिळालं. म्हणजे जवळजवळ कुणालाच नाही. पुढे कधीतरी सगळ्यांना मिळालं, तेव्हा आईने पहिला पडदा शिवला, थेट जमिनीला टेकणारा. "एवढ्या जागेत तरी 'काय करतेस गं' असं कुणी विचारायला नको," ती म्हणाली होती.

नंतर पडदा आखूड होत गेला. कायदा कुणी बदलला नाही, नुसतं माप बदललं. गेल्या निवडणुकीत तो गुडघ्यापर्यंत आला. खालून चपला ओळखू यायच्या, आणि धुलाई कारखान्यातली एक इस्त्रीवाली आत जरा जास्तच वेळ उभी राहिली. उमेदवार कारखान्याचे मालकच होते. मत द्यायला एवढा विचार करणारी बाई कपडे जाळेल, या काळजीपोटी त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं.

यंदा मालक पुन्हा उभे होते, आणि शिंपीणबाईंची लेक त्यांच्याकडेच इस्त्री करत होती. तिला त्यांना मत द्यायचं नव्हतं. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण भिंतीपलीकडे दीर राहत होते आणि दीर मतदानाचे अधिकारी होते. काळं कापड घेऊन तेच आले.

"वहिनी, बायकांकडचा पडदा यंदा छातीपर्यंत."

"टेबल कंबरेला येतं, भावजी. शिक्का मारणारा हात दिसेल."

"चेहरा झाकला जातोय ना? मग झालं."

"आणि पुरुषांकडचा?"

"तो आहे तसाच. पुरुष बुजतात." निघता निघता ते थांबले. "बायका आत एकट्या घाबरतात म्हणे. बाहेरून कुणी बघतंय म्हटलं की धीर येतो. आपली पोर येईल ना मताला? मालकांनी मुद्दाम विचारलंय."

हे ते इतक्या मायेने बोलले, की शिंपीणबाईंच्या बोटात सुई गेली.

आईचा तो पहिला पडदा यंत्रावर झाकण म्हणून पडून होता. शिंपीणबाईंनी तो झटकला, नव्या कापडाच्या खालच्या काठाला जोडला, आतल्या बाजूने वर दुमडला आणि लांब टाक्यांचा धावदोरा घातला. दोऱ्याची गाठ एका कोपऱ्यात मोकळी ठेवली. ती ओढली की सगळी दुमड सुटणार. लेक बघत होती.

"आई, काका काय करतील गं?"

"मला ठाऊक नाही. तू माझ्या मागेच उभी राहा."

पडदा न्यायला आलेल्या दिरांनी तो हातावर तोलला. "जड लागतोय."

"अस्तर लावलंय. स्वस्तातलं कापड आणलंत, आरपार दिसलं असतं."

आरपार दिसलं असतं तर बरंच झालं असतं, हे त्यांना बोलून दाखवता येईना. ते पडदा घेऊन गेले.

मतदानाच्या दिवशी दिरांनी खुर्ची दाराकडे पाठ करून, आडोशाकडे तोंड करून मांडली होती. शेजारी कारखान्याचा मुकादम उभा होता, उगीचच.  बायकांच्या रांगेत शिंपीणबाई सर्वांत पुढे होत्या, मागे लेक. त्या आत गेल्या, गाठ चाचपली आणि ओढली. दोरा सळसळत निघाला. आईचं विटलेलं कापड धप्पकन जमिनीला टेकलं.

 बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिंपीणबाईंनी शिक्का मारला, कागदाची घडी घातली आणि त्या बाहेर आल्या.

दीर पडद्याशी उभे होते. रागावलेले अजिबात दिसत नव्हते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "कात्री आहे का जवळ?"

"घरी राहिली, भावजी."

"असू दे." त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम रस्ता ओलांडून कात्री आणायला समोरच्या दुकानात शिरला.

लेक पडद्याआड गेली होती. मागच्या बायकांनी एकदा दुकानाच्या दाराकडे पाहिलं, एकदा जमिनीला टेकलेल्या कापडाकडे. मग रांग कुणी न सांगता पुढे सरकू लागली, भराभर.