माझ्या भावाचा दाखला

जर्मन माणूस तोंडावर स्पष्ट बोलतो, ही इथल्या मराठी मंडळींची लाडकी थाप आहे. नवं कुटुंब रेगेन्सबर्गमध्ये उतरलं की पहिल्याच जेवणाला कुणीतरी ती मारतंच. "आपल्यासारखं नाही हं इथे, आडपडदा नाही. गेनाऊ, म्हणजे अगदी जे आहे तेच बोलतात." सांगणाऱ्याचं स्वतःचं जर्मन बेकरीच्या दारापुढे गेलेलं नसतं, पण जर्मन मनाचा ठाव त्याला लागलेला असतो. मीही सोळा वर्षं ही थाप ऐकून मान डोलवत आले.

माझं तर पोटच या भाषेवर चालतं. लोकांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, पदव्या मी जर्मनमध्ये करून देते. इथल्या मराठी मंडळात कुणी चुकीचं जर्मन ठोकून दिलं की मी चहाच्या कपाआडून हसायचे. मला माझ्या जर्मनचा माज होता. त्याला दुसरा सौम्य शब्द शोधण्यात अर्थ नाही, सौम्य शब्दांनीच तर पुढचा घोटाळा केला.

माझा धाकटा भाऊ पाच वर्षांपूर्वी पुण्याहून इथल्याच एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आला. मागच्या वर्षी कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर बायको आणि किंडरगार्टनमधली मुलगी घेऊन परत. परत जाण्यात लाज कसली, पण ती पोर आता भांडते आणि रडतेसुद्धा जर्मनमध्ये. तिला उचलून पुण्यातल्या शाळेत नेऊन बसवायचं, या कल्पनेने तिच्या आईची झोप उडाली होती.

इथे नोकरी सुटताना साहेब त्सोयग्निस देतो, म्हणजे माणसाने काम कसं केलं याचा दाखला. तो जोडल्याशिवाय अर्जाला किंमत नाही. आता गंमत अशी, की साहेब लोकांना तो लिहायचा कंटाळा. मग ते म्हणतात, तूच मसुदा करून आण, मी सही करतो. भावाच्या साहेबाने तेच सांगितलं. स्वतःचा दाखला स्वतः लिहायचा! एवढी सोन्यासारखी संधी, आणि ती आम्हा दोघा बहीणभावांच्या हाती पडली.

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने मराठीत सांगितलं आणि मी लिहून घेतलं. त्यांनी नेहमी मनापासून प्रयत्न केले. ते वेळेवर येत. सर्वांशी मिळूनमिसळून वागत. सहकाऱ्यांकडून पुष्कळ शिकले.

"आणि ती जुनी प्रणाली तू एकट्याने नव्याने उभी केलीस, ते?" मी विचारलं.

"ताई, टीम होती ना. आणि आपणच आपलं एवढं काय लिहायचं? बरं दिसत नाही ते."

मलाही ते पटलं. आमच्या घरात कौतुकाची सोयच नव्हती. त्याचा बोर्डात नंबर थोडक्यात हुकला तेव्हा बाबा म्हणाले होते, "ठीक आहे." त्यावर आई आठवडाभर खूश होती, कारण बाबा 'ठीक आहे' म्हणाले होते. असल्या घरात वाढलेल्या माणसाने स्वतःबद्दल 'प्रयत्न केले' इतकं लिहिणं हीच केवढी बढाई. मी त्याची चारही वाक्यं सुरेख जर्मनमध्ये उतरवली. एका स्वल्पविरामाची चूक नाही. साहेबाने दुसऱ्याच दिवशी सही केली आणि मी भावाला म्हणाले, बघ, किती भले लोक आहेत.

त्यानंतर सगळीकडून नकार. मुलाखतीला बोलावणंही नाही, नुसतं 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. मुदत संपायला सहा आठवडे उरले, तेव्हा त्याच्या बायकोने मला विचारलं, "ताई, पुण्यातल्या शाळांचे फॉर्म मागवून ठेवू का?" मी तिच्यावर उखडले. मंदी आहे, थांब म्हणाले. मला सगळंच माहीत होतं ना.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त जर्मन बाई राहतात. आयुष्यभर त्यांनी एका कारखान्यात नोकरभरतीचं काम केलं. त्या एकदा कॉफीला आल्या असताना दाखला टेबलावर पडला होता. त्यांनी चष्मा लावला, वाचला, घडी घातली आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या भावाने काय केलं होतं? चोरी?"

मग त्यांनी मला, सोळा वर्षं भाषांतरं करणाऱ्या बाईला, माझंच जर्मन समजावून सांगितलं. या कागदावर प्रयत्नांचं कौतुक तेव्हाच करतात, जेव्हा प्रयत्नांतून काही निघालेलं नसतं. ज्याच्या कामाबद्दल बोलता येतं, त्याच्या वेळेवर येण्याबद्दल कुणी बोलत नाही. सहकाऱ्यांकडून शिकला म्हणजे सहकाऱ्यांनी त्याला ओढत नेलं. आणि शेवटी 'त्यांच्या जाण्याचं आम्हाला दुःख आहे' हे वाक्यच नाही, म्हणजे गेला ते बरं झालं.

"मग सरळ लिहीत का नाहीत, की माणूस कुचकामी आहे?"

"छे! वाईट लिहायला कायद्याने बंदी आहे," त्या अभिमानाने म्हणाल्या.

म्हणे आडपडदा नाही! गोड बोलून काटा काढायची ही कला आमच्याकडच्या लग्न मोडणाऱ्या मावश्यांनाही साधली नसती. पण मी जर्मनांना कितीही नावं ठेवली, तरी कागद माझ्याच हातचा होता. शब्दाला शब्द ठेवण्यात मी पटाईत. तो शब्द समोरच्या टेबलावर पोचल्यावर काय होतो, हे विचारायची मला कधी गरजच वाटली नव्हती.

भावाला घेऊन मी त्याच्या साहेबाकडे गेले. साहेब प्रसन्न होते. "आल्झो, म्हणजे, मला जरा नवल वाटलं होतं," ते म्हणाले. "पण म्हटलं, माणूस स्वतःबद्दल प्रामाणिक आहे." चार वर्षं रोज शेजारी बसून काम पाहिलेलं, आणि विश्वास ठेवला तो चार ओळींवर! नवा मसुदा आणा, म्हणाले, त्यावरही मी सही करतो. करणारच, वाचायचे कष्ट कुठे होते.

नवा मसुदा वरच्या बाईंनी आणि मी मिळून केला. मुलाखतीत विचारतील म्हणून भावाला तो मराठीत वाचून दाखवला. असामान्य कौशल्य. अत्यंत अवघड काम त्यांनी एकहाती आणि सर्वोत्कृष्ट रीतीने पार पाडलं. त्यांच्या जाण्याने आमची मोठी हानी झाली आहे. कुणी खरडपट्टी काढत असल्यासारखा तो कान लाल करून खाली बघत होता.

"ताई, माणूस गेल्यावर पेपरात छापतात तसं वाटतंय हे. थोडं कमी कर ना."

"एक शब्द कमी होणार नाही," मी म्हणाले. खरं तर त्या कागदावर एकही शब्द जास्तीचा नव्हता. ती प्रणाली त्याने एकट्याने उभी केली होती, आणि ती रात्रीतून बंद पडली की लोक त्यालाच शोधायचे. सगळं खरं होतं. मराठीत वाचताना मात्र माझ्याच जिभेला ते लाडीगोडी लावल्यासारखं लागत होतं.

महिन्याभरात त्याला कोलोनमध्ये नोकरी लागली. मुदतीला थोडेच दिवस उरले होते. बायको आणि मुलगी घर आवरून मागून जाणार होत्या. त्याला सोडायला मी स्टेशनवर गेले. गाडी लागली, सामान चढवलं, आणि दारात उभा राहून त्याने विचारलं, "ताई, त्या दाखल्यातलं तुला स्वतःला वाटतं का गं? की नुसतं लिहिलंस?"

चाळिशीला आलेला माणूस, आणि शाळेचं प्रगतिपुस्तक पुढे करावं तसा बघत होता. दोन भाषांतले नेमके शब्द माझ्याकडे तयार होते, सहीशिक्क्यासकट. परक्या साहेबाच्या तोंडी मी ते बिनदिक्कत घातले होते. फक्त 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"डबा खालच्या पिशवीत आहे," मी म्हणाले. "पोचलास की फोन कर."

त्याने मान हलवली. दार लागलं. संध्याकाळी पोचल्यावर त्याने फोन केला, आणि मी विचारलं, "जेवलास का?"