जीपच्या तोंडावर बांधलेली साडी

ह्यांनी तळेगाव ढमढेऱ्याहून जुनी जीप आणली, तेव्हा मला आनंद झाला नाही. आमची वस्ती मांडवगणपासून आत, पाणंदीच्या रस्त्याची. पावसाळ्यात तिथून नुसती जीपच निघते, म्हणून ती घेतली. पण मला तिची भीती वाटायची. ऊस तुटल्यावर रान मोकळं झालं, तिथं ह्यांनी मला हट्टानं शिकवलं. रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालायचं आणि ऑइलची पट्टी पुसून बघायची, हे काम माझ्याकडे होतं. ते मला जमायचं. गाडी हलू लागली की मात्र मनात यायचं, चौथी शिकलेल्या बाईनं हे कशाला करावं? देवीला हात जोडायचे, पण ती असल्या कामात लक्ष घालत असेल का, याची शंका वाटायची.

त्या दिवशी हे गाडीचा सेल्फ काढून दुरुस्तीला दौंडला घेऊन गेले होते. सेल्फ नसला की गाडी चावीनं चालू होत नाही. म्हणून ती वस्तीच्या उतारावर, चाकाखाली दगड लावून उभी होती. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं बाजाराला गेलेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या, त्यामुळं घरात मी आणि मामंजी, दोघंच. ते सकाळपासून सारखे गोठ्यामागं जात होते आणि तसेच परत येत होते. दुपारी पोट धरून ओट्यावर बसले. ते माझ्याशी समोरासमोर कधी बोलत नसत, मीही नाही. दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाले, "शिरूरला न्यावं लागंल. लघवी तुंबलीया." असं झालं तर जिवाला धोका आहे, तासभरही थांबू नका, असं डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं.

मी डांबरी रस्त्यावर कधी गाडी घातली नव्हती. मी देवघरात गेले. गुरवानं देवीच्या ओटीची नऊवारी साडी प्रसाद म्हणून दिली होती, ती घेतली. तिच्या दोन घड्या करून जीपच्या तोंडावर, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत घट्ट बांधली. देवी पुढं असली की वाट काढील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मामंजी साडीकडं बघत म्हणाले, "ब्येस केलंस." मग मी दगड काढला, गाडी उतारावर सोडली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन चालू झालं.

रस्त्याला लागल्यावर मी कुणाकडं बघितलं नाही. समोरून उसाची ट्रॉली आली की श्वास धरायचा आणि ती गेली की सोडायचा. शेजारी मामंजी दात आवळून बसले होते. खड्डा लागला की त्यांच्या तोंडून आवाज निघायचा, आणि तो मला ऐकू आला म्हणून त्यांना अजून लाज वाटायची. थोड्या वेळानं इंजिनच्या गरमीचा काटा चढू लागला. सकाळी तर मी पाणी भरलं होतं. देवी पुढं आहे, काही होणार नाही, असं म्हणत मी तशीच रेटत राहिले. काटा तांबड्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. घाबरून मी क्लच न दाबताच ब्रेक दाबला, आणि इंजिन बंद पडलं. रस्ता सपाट होता. सेल्फ दौंडला. मामंजी डोळे मिटून म्हणाले, "संपलं आता."

मला रडूही येईना. बाजूच्या कांद्यात खुरपणाऱ्या बाया उठून बघत होत्या. त्यातली एक उंच, वयस्कर बाई बांधावरून खाली आली. बाकीच्या तिला भाभी म्हणत होत्या. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तर तिनं माझं मनगट धरलं. "थांब, तोंड भाजंल." मग तिनं पुढून बघितलं.

"आगं, तोंड का बांधलंयस हिचं? आत वारा कुठनं जायचा?"

"देवीची साडी हाय," मी म्हणाले.

"मग मी न्हाई हात लावत. तूच सोड. आमचा टेम्पो हाय घरी, तोंड झाकलं की त्याचं बी असंच पाणी उकळतं बघ."

आतून मामंजी ओरडले, "सोडू नगंस. वाटंत देवी सोडत्यात व्हय?"

मी दोघांच्या मधे उभी. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या शब्दापुढं मी शब्द टाकला नव्हता. पण तोंडातून आपोआप आलं, "सोडत न्हाई, मामंजी. तुम्ही मांडीवर घ्या तिला." मी गाठ सोडली. साडी मातीत पडू नये म्हणून भाभीनं पदराला हात पुसून दुसरं टोक झेललं. आम्ही दोघींनी घडी घातली. देताना तिनं ती कपाळाला लावली. मामंजींनी दोन्ही हात पुढं केले.

गाडी निवेपर्यंत थांबावंच लागलं. तो वेळ फार जड गेला. बायांनी दुपारच्या पिण्याच्या पाण्याचा हंडा आणला आणि भाभीनं फडक्यानं झाकण उघडून ते थोडंथोडं ओतलं. मग मी आत बसले आणि सगळ्या मागून गाडी ढकलायला लागल्या.

"चालवायची बी बाईनं आन् ढकलायची बी बायांनीच. गडी कशाला ठेवल्यात मग?"

"एक बसलाय की आत, नवरदेवागत."

"आबा, चहाला पैसं काढा बरं का."

मामंजींनी मान वर केली. त्यांचा चेहरा बघून चहाचं बोललेली बाईच म्हणाली, "लावा गं जोर. म्हातारा लई तरासात हाय." इंजिन चालू झालं. परत बंद पडेल म्हणून मला थांबता येत नव्हतं, मागं वळूनही बघता आलं नाही.

शिरूरच्या दवाखान्यात त्यांना लघवीची नळी घातली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आलात ते वेळेत आलात. आत गेले तर मामंजींचा चेहरा सैल पडला होता. उशाशी साडी होती. माझ्याकडं सरळ बघून म्हणाले, "पाणी पिलीस का तू? बस हितं." मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसले.

पुढं त्या रस्त्यानं मी पुष्कळ वेळा गाडी नेली. त्या रानात दुसरं पीक होतं आणि बायाही दुसऱ्या. त्यांचं पिण्याचं पाणी मी इंजिनात घालून आले, आणि भाभीचं नावही विचारलं नाही, याची रुखरुख राहिली. हा चमत्कार होता का, हे मला ठरवता येत नाही. भीतीपोटी मी देवीला गाडीला बांधून ठेवू बघत होते. आणि मदत आली ती गाठ सोड म्हणत, बांधावरून पायी. आता भीती वाटली की मी हात जोडते, आणि मग जे कुणी समोर येईल, त्याचं म्हणणं ऐकून घेते.