तिसरा माणूस

कोचबाईंशी मराठीत बोललं की त्या इंग्रजीत उत्तर देत. जवळपास मराठी न समजणारं एक जरी माणूस असलं, तरी हा नियम लागू. लिफ्टमध्ये अनोळखी चिनी आजोबा असले तरीसुद्धा. आजोबा उतरले की पुढच्या मजल्यापासून स्वच्छ पुणेरी मराठी सुरू. मला हा शिष्टपणा वाटे.

सिंगापुरात, पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात त्यांना मॅनेजरांच्या कोच म्हणून आणलं, कारण माणसं टिकत नव्हती. एचआरच्या मेलमध्ये विश्वास, समावेशकता आणि नेतृत्व हे शब्द इतक्या वेळा आले होते की नेमकं काय बिघडलंय ते लिहायला जागाच उरली नव्हती. बिघडलं होतं एवढंच, की साहेब ओरडत. साहेब पुण्याचे, निम्मी टीम पुण्या-मुंबईची. मीटिंग इंग्रजीत सुरू होई. विनोद आणि निर्णय मराठीत होत. अकाउंट्समधली मेई लिन तेव्हा लॅपटॉपकडे बघत बसे.

साहेबांना शिकवण्याआधी बाई आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं भेटल्या. "साहेबांना मी मुद्दा सांगेन, नाव नाही," त्या म्हणाल्या. असं सगळेच सल्लागार म्हणतात. पण खोलीत आम्ही दोघंच होतो, त्या मराठीत बोलत होत्या, आणि परदेशात कोणी आपल्या भाषेत 'कसं चाललंय?' विचारलं की माणूस पाघळतो. मी बोलून गेलो, "सगळ्यांसमोर अपमान करतात. मी दुसरी नोकरी बघतोय."

खोलीबाहेर आल्यावर मग भानावर आलो. माझा पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, संपत आला होता. त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कंपनी करणार, आणि करायचा की नाही हे साहेब ठरवणार. नाही म्हणाले, तर वुडलँड्सचं घर, मुलीची शाळा, सगळं आवरून परत.

घरी ताट तसंच ठेवून उठलो. बायकोने विचारलं, "काय बोलून आलास?"

"खरं."

"कोणाला?"

"कोचबाईंना."

"त्या मराठी? मग संपलंच. गणपतीच्या कार्यक्रमात त्या साहेबांच्या बायकोशेजारीच बसतात."

सोमवारी टीमची मीटिंग झाली. बाईंनी मुद्दा मांडला: माणसं पगारामुळे नव्हे, अपमानामुळे सोडून जातात. साहेब हसले आणि अगदी घरगुती आवाजात, मराठीत म्हणाले, "ताई, आपल्यातलं सांगा. कोण बोललं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या, "मेई लिन, साहेब मला मराठीत विचारताहेत, की तक्रार कोणी केली. मी नाव सांगणार नाही. तूही याच टीममध्ये आहेस, म्हणून तुला सांगतेय."

मग मेई लिन म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही सगळे मलाच हसता." साहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच आमच्यासारखा, घाबरलेला पाहिला.

क्रांती वगैरे झाली नाही. बाईंचं कंत्राट वाढलं नाही. माझा अर्ज गेला, कारण बोललं कोण ते साहेबांना कळलंच नाही. साहेब अजून ओरडतात, पण इंग्रजीत. समावेशकता तेवढी वाढली. ओरडून झाल्यावर "तुम्हाला काय वाटतं?" असंही विचारतात, आणि कधीकधी उत्तर ऐकतात. मेई लिन टिकली. मीही टिकलो.

शेवटच्या दिवशी बाईंना एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. "मॅडम, त्या मीटिंगमध्ये तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली तर! पुढची कामं साहेबांच्याच शिफारशीवर मिळायची होती. गेली ती." पर्समधलं कार्ड शोधत त्या म्हणाल्या, "पण अहो, मी इथली नागरिक. माझं फार तर काम जाणार. तुमच्या मुलीची शाळा गेली असती. ज्याचं कमी जाणार, त्याने बोलायचं. दुसरं काय!" आणि गेटमधून पलीकडे गेल्या. त्यानंतर भेट नाही.

गेल्या वर्षी मला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळाली. ऑफिसात सगळ्यांनी हात मिळवले, नुकतेच पासवर आलेले लोक जरा हेव्याने म्हणाले, "आता तुम्हाला कसली भीती!" तेव्हापासून मला धडकी भरली आहे. साहेबांचा आवाज चढला की टेबलाभोवतीच्या माना खाली जातात, आणि त्या टेबलाशी ज्याचं सगळ्यांत कमी जाणार, तो माणूस आता मी असतो.