भित्र्या भागूबाईचा पंखा

आत्या भित्री आहे हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. गॅस बंद केला की ती बटणाला एका हाताने चाचपून बघते, मग दुसऱ्या हाताने, कारण पहिल्या हातावर तिचा विश्वास नाही. शेजारी कुणी शिंकलं तरी "कोण पडलं?" म्हणत धावते. आणि हीच बाई रोज जुन्या मोटारबोटीत माणसं भरून नदी ओलांडते, तीही बंधाऱ्याच्या जरा वरून. आतोबा गेल्यावर बाबा तिच्या मागे लागले होते, बोट विकून टाक म्हणून. "विकली आणि घेणारा बुडाला तर?" असं म्हणून तिने स्वतःच चालवायला घेतली.

बंधारा धक्क्यावरून दिसत नाही, नुसता ऐकू येतो. वर पाणी सपाट, तेलासारखं गप्प, आणि खाली सारखी घरघर. तिथून जाताना आत्याचे ओठ हलतात. लोकांना वाटतं, जप चाललाय. मी ओठांवरून वाचलंय. ती इंजिनाला म्हणत असते, "चल गं बाई, चल गं बाई, थांबू नको गं बाई."

त्या दिवशी इंजिन थांबलं नव्हतं. वाहत आलेला ओंडका बोटीखालच्या, पाणी कापणाऱ्या पंख्याला बसला आणि त्याचं एक पातं गेलं. इंजिन बोंबलतंय, बोट थडथडतेय, पण पुढे काही सरकत नाही. आडवी होऊन निघाली थेट बंधाऱ्याकडे. आत पलीकडच्या दवाखान्यात निघालेली माणसं. आत्याने नांगर टाकला. तो घसरत गेला, घसरत गेला, आणि कशाला तरी अडकला. मग काठावरून दोर आला आणि बोट ओढून घेतली. घरी येऊन आत्या व्यवस्थित जेवली. मग गॅसचं बटण चाचपायला उठली, एकदा, दोनदा, चार वेळा.

"ताई, बास झालं," बाबा म्हणाले. "पंखा नको बदलू, धंदा बदल."

"आणि आजारी माणसं पलीकडे कशी जातील? पोहत?"

बोटीच्या सामानाच्या दुकानदाराला सगळे डबल म्हणतात, कारण तो एक वाक्य एकदा बोलून थांबतच नाही. "आकडा बघू, आकडा बघू." पंख्याच्या मधल्या गोळ्यावर आकडे कोरलेले असतात. पंखा केवढा रुंद, आणि एका फेऱ्यात बोटीला किती पुढे ढकलणार. डबलने ते वाचले आणि फळीवरून तस्साच एक उतरवला, नवाकोरा, पितळी. "उडेल ताई, उडेल!"

"उडायचं नाहीये मला. पोचायचंय." आत्याचा हात शेजारच्या पंख्याकडे गेला. "आणि हा?"

"तो कमी पिळाचा, कमी पिळाचा. पाती सपाट, ढकलतो थोडं. बोट म्हातारीसारखी चालेल."

"म्हातारीच आहे ती."

बाबा वैतागले. "ताई, चप्पल नंबर बघूनच घेतो ना आपण?" मग काय, नंबरचाच घेतला.

डबलने तो बसवूनही दिला. पण आत्या काही नवं बसवलं की बोट आधी धक्क्याच्या खुंटाला दोराने बांधते आणि इंजिन पूर्ण दामटते. "गाय आहे का ती?" बाबा हसले. डबलही हसला, दोनदा.

दोर ताठ झाला. इंजिनाने काळा धूर ओकला. ढग्... ढग्... ढ... आणि मेलं.

हसू जागच्या जागी विरलं. एकदम घरघर ऐकू आली, खालची. प्रवाहाने बोट बाजूला ओढली, दोराला पीळ पडला, खुंट करकरला. बोट आणि बंधारा यांच्यामध्ये तेवढा एक दोर होता. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या मात्र रिकाम्या बाकांकडे बघत होती.

"बांधून ठेवल्यावर कुठलंही इंजिन दमतंच, दमतंच," डबल चाचरत म्हणाला.

"जुन्या पंख्याने दमायचं. मरायचं नाही."

बोट उतारावर ओढली, पंखा काढला. जुना आणि नवा दुकानाच्या फरशीवर शेजारी पालथे ठेवले. आत्याने नव्याच्या पात्याच्या वर उचललेल्या कडेखाली हात उभा धरून घातला, चार बोटं आत गेली. जुन्याच्या शाबूत पात्याखाली तीनच गेली, चौथं अडकलं.

"तरीच," ती म्हणाली. "इंजिन बदललं तेव्हा हे दिवसभर परसात पंखा ठोकत होते. ठण् ठण् ठण्, माझं डोकं उठलं. विचारलं तर म्हणाले, या इंजिनाला जड जातोय, पाती जरा सपाट करतो."

पाती बदलली होती. आकडे मात्र जुनेच राहिले होते.

"अरेच्चा," डबल म्हणाला. एकदाच.

फळीवरचा कमी पिळाचा पंखा खाली आला. त्याच्याखालीही बरोबर तीन बोटं गेली. तो बसवला, पुन्हा दोर, पुन्हा पूर्ण दामटणं. इंजिन कण्हलं, कुरकुरलं, पण चालत राहिलं. आत्याने ते इतका वेळ चालू ठेवलं की बाबा म्हणाले, "ताई, डिझेल इथेच संपवणार का?"

दुसऱ्या सकाळी माणसं येऊन बसली, मीही बसले. आत्याने दोराच्या गाठीला हात लावला आणि हात तिथेच राहिला. गाठ सुटेना, खरं तर ती सोडेना. एका आजोबांनी विचारलं, "काय गं पोरी, आज नाही का जायचं?"

"निघालो की," ती म्हणाली. आवाज उंदरासारखा आला. गाठ सुटली.

मधोमध पोचलो आणि घरघर वाढली. बोटीचं नाक जरा बंधाऱ्याकडे वळलं. आत्याने ते हळूच सरळ केलं. बोट म्हातारीसारखीच चालत होती, पण चालत होती. मी तिच्या ओठांकडे बघितलं. आज "चल गं बाई" नव्हतं. ती म्हणत होती, "अहो, निदान आकडे तरी बदलून जायचं होतंत."

पलीकडे लागलो. माणसं उतरली. आत्याने दोर बांधला, गाठ एका हाताने चाचपली, मग दुसऱ्या हाताने. मग मान वळवून तिने नदीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. परतही याच पाण्यातून जायचं होतं.