किड्याला वळसा घालणारी अक्षरे

डॉ. एस्तेर भालेराव यांची माझी पहिली भेट त्यांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी झाली आणि तिची सुरुवातच संशयाने झाली. इतिहासात संशोधन करायचे म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. कुठले, असे त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, "चिकलठाण्याचा."

"कशावरून?"

मी गडबडलो. "बाई, जन्मच तिथला हाय माझा."

"आठवतो का तुम्हाला जन्म? अम्मीनं सांगितलं म्हणून म्हणता ना? मग तसं म्हणा. कुणी सांगितलं, ते आधी सांगायचं."

या बाईंच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे ठरवून मी तणतणत बाहेर पडलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आज बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. मीही आता महाविद्यालयात शिकवतो, आणि घरी बायको म्हणते, "इरफानमियाँ, तुम्हाला तर दूधवाल्याचा बी भरोसा नाय." हा बाईंचाच प्रसाद.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या आणि त्यांतले गुलाम हा बाईंचा विषय. जुन्या हस्तलिखितात काय लिहिले आहे ते सगळेच पाहतात. बाई लिहिणारा हात कोणाचा, ते शोधतात. पुष्कळदा नाव धन्याचे आणि हात गुलामाचा असे, हे त्या आयुष्यभर सांगत आल्या. त्यामुळे त्यांच्यावरही लोकांनी कमी संशय घेतला नाही. चर्चमधले म्हणत, ही बाई धर्म बुडवणार. बाहेरचे म्हणत, ही बाई धर्म वाढवणार. बाई दोघांनाही चहा पाजत आणि विचारत, "कशावरून?"

त्यांची मायाही संशयातूनच येते. रमजानात एकदा मी त्यांच्याकडे काम करत बसलो होतो. माझ्याकडे टक लावून पाहत त्या म्हणाल्या, "पहाटेची सहरी चुकली तुझी. खोटं बोलू नको, तोंड सांगतंय. जा घरी, पड जरा." संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला खजूर घेऊन स्वतः रिक्षाने चिकलठाण्याला आल्या. मी खरेच झोपलो होतो की नाही, हेही त्यांनी अम्मीला विचारून घेतले.

या कामामागचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांचे आजोबा गावच्या वतनदाराकडे वेठबिगार होते. सुटका होईल या आशेने त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पहिल्याच रविवारी उपदेश ऐकला तो दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा. "आमचे आजा म्हणायचे, पोरी, कुणी तरी याच्या उलटं लिहिलं असंल. हुडक." बाई तेच हुडकत राहिल्या.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाची जुळवाजुळव चालू असताना ते पान आले. औरंगपुऱ्यात जुन्या वस्तूंचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी चामड्यावर ग्रीकमध्ये लिहिलेले एक पान आमच्या गौरव समितीला फुकट दिले. फुकट म्हटल्यावरच मला वाटले, इथे पाणी मुरतेय. कुठून आणले विचारले, तर म्हणे, "अरे भाई, आम खाव, पेड मत गिनो." आमच्या समितीचे अध्यक्ष, चर्चचे पाळकसाहेब, मात्र हरखून गेले. एका जुन्या ख्रिस्ती मंडळीने, देवापुढे कोणीच कोणाचा धनी नाही असे म्हणून, आपले सगळे गुलाम मोकळे केले, असा त्या पानाचा अर्थ दुकानदाराने सांगितला होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तेच पान छापायचे ठरले. फक्त बाईंचा होकार हवा होता.

बाईंनी पान वाचले. अर्थ तोच होता. त्यांनी पुन्हा वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. झाले, बाई विरघळल्या, असे मला वाटले. मग त्यांनी भिंग उचलले.

"इरफान, लई गोड बोलतंय रे हे. मला पाहिजे तेच बोलतंय."

पानाला किड्यांनी पाडलेली भोके होती. जुन्या पानात किडा अक्षरेही खातो, शब्द अर्धे होतात. इथे एकही अक्षर तुटलेले नव्हते. प्रत्येक ओळ भोकापाशी आली की वळसा घालून पुढे जात होती.

"किडा आधी जेवून गेला आन् लिहिणारा मागून आला," बाई म्हणाल्या. "चामडं जुनं, लिखाण नवं."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, कुणाला कळतंय? चांगलंच तर लिहिलंय. तुमच्या आज्यांच्या मनातलं."

"आज्याला एकदा फसवलंय, पाळकसाहेब. आता मी बी फसवू व्हय?"

बाईंनी पान पाळकसाहेबांच्या हातात दिले आणि पदराने डोळे पुसले. "खरं असतं तर काय बिघडलं असतं रे," एवढेच त्या मला म्हणाल्या. मला त्या दुकानदाराचा असा संताप आला, की विचारू नका.

वाचकहो, तुमच्या हातातल्या ग्रंथाचे मुखपृष्ठ कोरे आहे. ती छापखान्याची चूक नव्हे. हा लेखही बाईंनी आधी मागून घेतला आणि त्यातल्या 'थोर' या शब्दापुढे लिहिले, "कशावरून?" मी तो शब्द काढला आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, डोळ्यांची नजर अशीच तिखट राहो. आजोबांनी हुडकायला सांगितलेले पान कुठे तरी असणारच. कशावरून, ते मला सांगता यायचे नाही. पण ते येईल त्या दिवशी त्याच्यावर संशय घ्यायला बाई हव्यात.